जईफ सही

मराठीत सही म्हणजे कागदाखाली केलेले नाव आणि सही म्हणजे बरोबर, खरे. शब्द एकच. अरबीतल्या ‘सहीह’पासून निघून फारसी-उर्दूच्या वाटेने तो आपल्या बोलण्यात आला. ‘सहीह बुखारी’ म्हणताना आपण जो शब्द उच्चारतो, तोच बँकेच्या पावतीवर खालच्या कोपऱ्यात छापलेला असतो. कागदाखाली नाव लिहिणे म्हणजे ‘हे खरे आहे’ असे म्हणणे, हा अर्थ त्या शब्दात आधीपासून भरलेला आहे. म्हणून ‘खोटी सही’ हे शब्द नीट कान देऊन ऐकले तर विचित्र वाटतात. खोटे खरे, असे काहीसे.

सही खरी की खोटी हे सांगण्याचा अधिकार कुणाला आणि तो कुठवर, या प्रश्नाने मला गेली काही वर्षे घेरले आहे. निमित्त झाले एका क्रिकेटच्या बॅटचे. पण बॅटकडे येण्याआधी मी हा प्रश्न कुठल्या खुर्चीत बसून पाहतो, ते सांगायला हवे.

इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांतल्या शाखांत मिळून मी एकतीस वर्षे बँकेत काढली. संगणक यायच्या आधी लाकडी खणात नमुना सहीची कार्डे उभी लावलेली असत. चेक आला की कार्ड काढायचे आणि दोन्ही सह्या शेजारी धरायच्या. नवा कारकून अक्षरांचा आकार बघतो. मुरलेला माणूस आधी रेघेचा वेग बघतो. स्वतःची सही माणूस विचार न करता करतो. पेन हवेतूनच चालत येते आणि चालतच निघून जाते, त्यामुळे रेघेची टोके निमुळती होतात. दुसऱ्याची सही उतरवणारा चित्र काढत असतो. मध्येच थांबतो, पुढचे वळण आठवतो, पुन्हा पेन टेकवतो. थांबला तिथे शाई जाड होते, रेघ थरथरते, टोक बोथट राहते.

आणखी एक गोष्ट अनुभवाने कळते. दोन सह्या तंतोतंत जुळल्या तर आनंद मानू नये, सावध व्हावे. कुणीही माणूस एकसारखी सही दोनदा करीत नाही. अमेरिकेत १८६८ साली हाउलंड मृत्युपत्राचा खटला गाजला. जोडपत्रावरची सही मूळ सहीशी रेघ न् रेघ जुळत होती. बेंजामिन पर्स या गणितज्ञाने त्या बाईंच्या ४२ सह्यांची आपसांत तुलना करून साक्ष दिली की, इतके जुळणे सहज घडणे जवळजवळ अशक्य आहे. खालची सही वरच्या सहीवरून गिरवलेली असावी. निकाल मात्र वेगळ्याच कायदेशीर मुद्द्यावर लागला.

पण खुर्चीतली खरी अडचण लबाडांची नव्हती. ती म्हाताऱ्यांची होती. ऊसबिल खात्यावर जमा झालेले, घरात लग्न निघालेले, आणि वीस वर्षांपूर्वी खाते उघडताना केलेली सही आता हाताला साधत नाही. लकवा मारलेला, दिसायला कमी झालेले, बोटे कोयत्याने आणि खुरप्याने वाकलेली. कार्डाशी सही जुळत नाही आणि माणूस तर समोर उभा, नातवाचा हात धरून. अशा वेळी आम्ही काय करायचो? ओळखीचा एक खातेदार बोलवायचो, त्याच्यासमोर आणि आमच्यासमोर पुन्हा सही घ्यायचो आणि खाली लिहायचो: समक्ष. हा एक शब्द कार्डाच्या वरचढ ठरायचा. अंगठेबहाद्दरांचे काम त्या मानाने सोपे. अंगठा म्हातारा होत नाही. पण सही करता येऊ लागलेली बाई पुन्हा अंगठ्यावर यायला तयार नसते आणि तिचे बरोबरच असते.

बदललेल्या हाताचे सर्वांत मोठे उदाहरण मुहंमद अली यांचे. १९६४ पर्यंत ते कॅशस क्ले अशी सही करीत, नंतर मुहंमद अली अशी. १९८४ साली त्यांना पार्किन्सन्सचा आजार असल्याचे निदान झाले. या आजारात अक्षर आक्रसत जाते, रेघ कापते. म्हणजे एरवी ज्या थरथरीवरून आपण सही खोटी म्हणतो, तीच थरथर अलींच्या उतारवयातल्या सहीत खरेपणाची खूण ठरते आणि उतारवयातली म्हणून कुणी झोकदार सही दाखवली तर संशय घ्यावा लागतो. ते इस्लामवरच्या छोट्या पुस्तिका जवळ बाळगीत, त्यांवर सह्या करून ठेवीत आणि भेटेल त्याला देत. नुसता चिठोरा देण्यापेक्षा वाचायला काहीतरी हाती पडावे, हा हेतू. आज त्या पुस्तिका विकल्या जातात, आणि घेणारे पहिल्यांदा सही बघतात. मजकूर किती जण वाचत असतील, अल्लाह जाणे.

आता आपल्याकडच्या बॅटींविषयी. २००५ ते २००८ या काळात भारतीय क्रिकेट मंडळाचे आणि २०१० ते २०१२ या काळात आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्षपद शरद पवारांकडे, म्हणजे आमच्या भाषेत बारामतीकडे होते. २०२० च्या फेब्रुवारीत बारामतीच्या मैदानावर महाराष्ट्राचा रणजी सामनाही झाला. या वातावरणात सह्यांच्या बॅटी गावोगाव दिसू लागल्या. पुढाऱ्याच्या दिवाणखान्यात, दवाखान्याच्या काचेच्या कपाटात, टेनिस बॉलच्या स्पर्धेत पहिले बक्षीस म्हणून. त्यांतल्या काही खऱ्या असतील. पुण्यात सहकारनगरला २०१२ साली सचिन तेंडुलकरच्या हस्ते उघडलेले ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे संग्रहालय पाहून आलेला आमच्याकडचा पोरगा गावातल्या प्रत्येक बॅटकडे मग त्याच नजरेने पाहू लागतो.

आमच्या लहानपणी बॅटवर गावसकरांची छापील सही असे. आम्हाला ती त्यांनी मेरठच्या कारखान्यात बसून केलेली वाटे. ती छापील सही खोटी होती का? मला तसे वाटत नाही. ती कुणाला फसवायला छापलेली नव्हती. फसायचे ते आमच्यासारखे आठ वर्षांचे. पण तीच बॅट, एक रेघही न बदलता, कुणी ‘हाताने केलेली सही’ म्हणून विकली तर त्या क्षणी ती बनावट होते. म्हणजे खोटेपणा शाईत नसतोच. तो शाईविषयी आपण जे बोलतो त्यात असतो. सही तपासायची म्हणजे बोलणाऱ्यालाही तपासायचे, हे इथून सुरू होते.

इंदापुरात आमच्या गल्लीत एक ड्रायव्हर राहत. पुण्याच्या एका मंडपवाल्याच्या ट्रकवर ते बरीच वर्षे होते. त्यांच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर एक साधी काश्मिरी विलोची बॅट टांगलेली असे. तिच्यावर काळ्या मार्करची, आता तपकिरी पडलेली एक वळणदार सही. ती ब्रायन लाराची, असे ते सांगत. १९९६ च्या विश्वचषकात २९ फेब्रुवारीला पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर वेस्ट इंडीज आणि केनिया यांचा सामना झाला होता. केनियाच्या १६६ धावा आणि वेस्ट इंडीजचा संघ ९३ मध्ये गारद. लारा ८ धावांवर बाद: झेल तारिक इक्बाल, गोलंदाज रजब अली. ही दोन नावे ड्रायव्हरसाहेब अशा थाटात घेत की जणू ते दोघे निमगाव केतकीचे असावेत.

२०२१ मध्ये कोरोनात ते गेले. पुढच्या वर्षी धाकट्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फीचा प्रश्न आला. मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. त्याला पुण्याचा एक संग्राहक भेटला. बॅटला पंचवीस हजार देतो म्हणाला, पण स्टँप पेपरवर कुणा भल्या माणसाने लिहून द्यायला हवे की, सही माझ्यासमक्ष झाली. पोरगा माझ्याकडे आला.

“चाचा, तुमे जिंदगीभर सह्याच देखे. तुमे लिखके दिए तो वो मान जाएगा.”

“पण मी तिथे नव्हतो रे.”

“अब्बा झूट नै बोलते थे, चाचा.”

ते खोटे बोलत नसत, हे मलाही माहीत होते. तरी बॅट हातात घेतली. रेघ वेगात गेलेली, टोके निमुळती. कुणीतरी सफाईने, न थांबता केलेली सही. कुणाची, ते ती रेघ सांगत नव्हती. शाई उन्हाने विटलेली. म्हणजे बरीच वर्षे दारासमोर टांगलेली, हे कळते. वयाने हात कळत नाही. पोराने मोबाइलवर लाराच्या दहा-बारा सह्या काढून दाखवल्या. सुरुवातीचे वळण जुळल्यासारखे वाटले, शेवट जुळेना. मग माझ्या लक्षात आले की ही तुलनाच कच्ची आहे. बँकेच्या कार्डावरची नमुना सही आमच्या माणसाच्या डोळ्यांदेखत झालेली असायची, म्हणून ती नमुना. मोबाइलवरच्या या दहा-बारा सह्या कुणासमोर झाल्या? त्यांतल्या किती विकण्यासाठीच बनवलेल्या?

ही भीती उगाच नाही. अमेरिकेत एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाच्या तपासात १९९९ च्या ऑक्टोबरात छापे घातले, तेव्हा खेळाडूंच्या खोट्या सह्यांचा अख्खा कारखाना उघडा पडला. मेलेल्या खेळाडूंच्या सह्या ताज्या होत होत्या. मदर तेरेसांची सही केलेला बेसबॉलही त्या मालात होता. आणि या मालाबरोबर ‘सही अस्सल असल्याचे’ प्रमाणपत्र दिले जात होते. सही करणारा जितका हुशार, तितकेच प्रमाणपत्र देणारेही कामाचे. गिऱ्हाइकाने कागद बघून पैसे दिले होते, बॉल बघून नव्हे.

पोराला मी सांगितले, मला माहीत आहे तेवढे लिहून देतो. चार ओळी लिहिल्या. यांना मी १९८९ पासून ओळखत होतो. १९९७ साली या गल्लीत राहायला आलो तेव्हा ही बॅट भिंतीवर होती. ती सही ब्रायन लाराची असल्याचे त्यांनी मला अनेकदा सांगितले. सही होताना मी पाहिलेली नाही. खाली माझी सही. संग्राहकाने कागद वाचला आणि अडीच हजार देतो म्हणाला. भाभींनी बॅट पुन्हा भिंतीवर टांगली. फीची सोय पतसंस्थेच्या कर्जातून झाली. त्या वर्षी ईदला त्यांच्या घरून शीरखुर्मा आला नाही.

भाभींचा राग मला समजतो. त्यांच्या बाजूने बोलायचे तर बरेच आहे. खरेदीदार पैसेवाला, हौशी. पंचवीस हजारांनी त्याचे काही बिघडत नव्हते. सही कदाचित खरीच होती. एका शब्दाने एका मुलीचे कर्ज वाचले असते. आणि मी कोण मोठा धर्मात्मा? खोट्या साक्षीला हदीसमध्ये फार मोठ्या गुन्ह्यांत गणले आहे, हे सांगून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण तेवढ्याने भाभींचे समाधान का व्हावे?

मला अडवले ते दुसऱ्याच हिशेबाने. २९ फेब्रुवारी १९९६ हा गुरुवार होता, बँकेचा कामाचा दिवस. त्या दिवशी मी कुठे होतो हे हजेरीपटावर लिहिलेले असणार. मी ‘माझ्यासमक्ष’ लिहिले असते आणि उद्या कुणी ते खोटे पाडले असते, तर माझ्या खोट्याबरोबर त्यांचे बोलणेही गेले असते. हदीस तपासणाऱ्या उलमांचा दंडक असाच होता. एखादा रावी एका ठिकाणी जाणूनबुजून खोटे बोललेला सापडला, की त्याचे बाकीचेही घ्यायचे नाही. साखळीत माझ्यासारखी एक खोटी कडी बसली की, तिच्या मागची खरी कडीही निकामी होते.

या उलमांकडे मी वरचेवर वळतो याचे कारण आहे. ‘हे खरेच त्यांनी म्हटले का?’ हा एकच प्रश्न घेऊन त्यांनी पिढ्यान् पिढ्या काम केले. त्यांनी मजकूर पाहिलाच, पण आधी सनद पाहिली: कुणी कुणाकडून ऐकले, दोघे एका काळात होते का, भेटले असतील का. सनद हा शब्दही आपल्या गावांना ओळखीचा आहे. १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनसमोर दख्खनच्या इनामदारांना सनदा मांडाव्या लागल्या, आणि तिथेही कागदाच्या जोडीला पिढ्यांची वहिवाट पाहिली जाई. वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हाती आली, ही ती वहिवाट. बॅटची वहिवाट मला १९९७ पासून ठाऊक आहे. त्याच्या मागे फक्त एका माणसाचा शब्द.

आणि त्या शब्दाबद्दल हदीसशास्त्र फार बारकाईने बोलते. रावी नुसता प्रामाणिक असून चालत नाही. त्याची याददाश्तही पक्की लागते. नेक, परहेजगार, पण आठवणीत गोंधळणारा माणूस त्यांनी कमकुवत ठरवला, आणि तसे म्हणण्यात त्याची बेअदबी मानली नाही. एखाद्याची स्मृती उतारवयात बिघडली असेल तर बिघडण्याआधीचे आणि नंतरचे त्याचे कथन ते वेगळे काढीत. ड्रायव्हरसाहेब सही कधी मिळाली हे दोन तऱ्हांनी सांगत. कधी सामन्याच्या आदल्या दिवशी, सरावाच्या वेळी, तर कधी सामन्यानंतर. आता ९३ धावांत गारद होऊन, केनियाकडून हरून बाहेर पडणारा लारा मंडपवाल्याच्या ड्रायव्हरला हसत सही देईल का? देईलही. पण आदल्या दिवसाची गोष्ट जास्त पटते. ‘अब्बा झूट नै बोलते थे’ हे खरे असूनही एवढा प्रश्न शिल्लक राहतोच.

म्हणूनच त्यांच्याकडे खरे आणि खोटे असे दोनच खण नव्हते. सहीह, हसन, जईफ आणि अगदी शेवटी मौजू, म्हणजे रचलेले. जईफ म्हणजे खोटे नव्हे. जईफ म्हणजे एवढ्या पुराव्यावर याचा भार टाकू नका. बाजाराला हा शब्द माहीत नाही. त्याला अस्सल किंवा नक्कल एवढेच कळते, आणि त्यामुळे प्रामाणिक माणसालाही तो खोटे लिहायला लावतो. भाभींना वाटले, मी बॅटला नक्कल म्हटले. मी तिला जईफ म्हटले होते. हा फरक मी त्यांना समजावू शकलो नाही. पंचवीस हजार आणि अडीच हजार यांच्यामध्ये उभे राहून कुणाला समजावता येईल, असे वाटतही नाही.

आपला कायदाही काहीसा याच चालीचा आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ४५ तज्ज्ञाच्या मताला जागा देते आणि कलम ४७ त्या माणसाचे अक्षर ओळखणाऱ्याला: ज्याने त्याला लिहिताना पाहिले, किंवा ज्याच्याकडे कामकाजात त्याची कागदपत्रे नेहमी येत. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आला तरी ही दोन्ही दारे उघडी आहेत. पण दोन्हींना कायदा ‘मत’ म्हणतो, निवाडा म्हणत नाही.

बुलपेननंतर अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलनेही २००१ साली स्वतःची पद्धत घातली. तपासनीस, बहुतेक वेळा पोलिसात काम केलेला, स्वतः हजर असेल आणि त्याच्या डोळ्यांसमोर सही झाली असेल, तरच वस्तूवर क्रमांकाचा होलोग्राम लागतो. जुनी वस्तू घेऊन गेलात आणि सही कितीही सुंदर असली तरी नाही. शाई, कागद, सूक्ष्मदर्शक, सगळे हाताशी असताना ते आमच्या काउंटरवरच्या ‘समक्ष’पाशी येऊन थांबले.

यातून एक धोका मात्र निघतो. प्रत्येक घरातल्या प्रत्येक वस्तूकडे संशयाने पाहायची सवय लागते. सूरह हुजुरातमध्ये या दोन्ही बाजू काही आयतींच्या अंतराने येतात. सहाव्या आयतीत, बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर छाननी करा, असे बजावले आहे. बाराव्या आयतीत, फार संशय घेऊ नका, काही संशय गुनाह असतात, असे. छाननी कुठे थांबते आणि बदगुमानी कुठे सुरू होते? मला वाटते, कुणी माझ्याकडे साक्ष मागेपर्यंत छाननी करणे माझे काम नाही. पंचवीस वर्षे मी ती बॅट पाहत होतो आणि एकदाही तिच्याबद्दल शंका काढली नाही. शेजाऱ्याच्या भिंतीवरची वस्तू त्याच्या शब्दावर मानायची असते. ती विकायला निघाली, तिच्यावर तिऱ्हाइताचे पैसे लागणार, तेव्हा प्रश्न बदलला.

हदीसशास्त्रात आणखी एक सोय आहे. जईफ रिवायतीला दुसऱ्या स्वतंत्र वाटेने आधार मिळाला तर तिचा दर्जा वाढू शकतो. हे मी पोराला बोललो होतो आणि त्याने ते मनावर घेतले. गेल्या हिवाळ्यात त्याने अब्बांच्या ट्रकवरचा जुना हमाल अकलूजला शोधून काढला. म्हाताऱ्याला नेहरू स्टेडियम आठवत होते, मंडपाचे खांब आठवत होते, बॅटही आठवत होती. नवी कोरी, डेक्कनच्या दुकानातून घेतलेली. सही सामन्याच्या आदल्या दिवशी झाली, हेही त्याने आपण होऊन सांगितले. देणारा खेळाडू कोण, विचारल्यावर म्हणाला, नाव नाही माहीत, काळा होता आणि खूप उंच, ट्रकच्या फाळक्याएवढा.

लारा काही उंच नव्हे. त्या संघात उंच म्हणजे वॉल्श किंवा अँब्रोज. पोरगा बॅट घेऊन पुन्हा माझ्याकडे आला. आम्ही दोघांनी ती खिडकीपाशी धरली आणि त्या वळणदार रेघेत आधी ‘सी’ शोधला, मग ‘बी’. दोन्ही सापडत होते. हमालाचे म्हणणे त्याने तारीख घालून लिहून आणले होते, खाली म्हाताऱ्याचा अंगठा. तो कागद त्याने माझ्या कागदाला टाचला. भाभी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, “तो फिर अंब्रोज का भाव कित्ता है?”